राखायचं झाड

पिचकारीच्या तोंडाशी रंगाचा एक थेंब सुकून बसला होता. मसुरीच्या दाण्याएवढा, नारिंगी, दगडासारखा घट्ट. रोंडा तो नखानं खरवडत होती आणि तो निघत नव्हता. खरं तर निघाला नाही तरी चालेल असं तिला वाटत होतं, म्हणजे अजून थोडा वेळ असंच ओल्या नेच्यात उभं राहता येईल, धुकं वर सरकताना बघता येईल, आणि समोरच्या दोन झाडांकडे बघावं लागणार नाही...

नारिंगी पट्टा म्हणजे राखायचं झाड. ज्याला पट्टा नाही ते जाणार. सरकारी जंगलातलं हे काम तिनं इतकी वर्षं केलं होतं की आता ती विचार करत नसे. मान वर करायची, शेंडा बघायचा, खोडाचा कल बघायचा, आणि हात आपोआप उठायचा. पण आज सकाळपासून हात उठण्याआधी मध्येच काहीतरी यायचं. हे झाड म्हणजे वाचनालयाच्या बाईचा पगार. ते पलीकडचं म्हणजे वरच्या वाडीची शाळेची बस. असलं काहीतरी — मूर्खासारखं.

हे डिक्सीमुळे. सकाळी दुकानात थर्मास भरताना गल्ल्यामागून डिक्सी म्हणाली होती, "रोंडा, रंग जरा जपून वापर हं आज. सरकारचा पैसा आहे." आणि शेगडीजवळ बसलेले सगळे हसले होते. रोंडाही हसली. रंग कमी म्हणजे पट्टे कमी, पट्टे कमी म्हणजे लाकूड जास्त... त्या खोऱ्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जंगलातलं लाकूड विकलं की चौथा हिस्सा शाळांना आणि रस्त्यांना, हा जुना नियम. त्याच पैशावर त्यांची शाळा उभी राहिली होती, व्यायामशाळेची ती सुंदर लाकडी जमीनसुद्धा. मग घुबडं वाचवायची म्हणून तोड थांबली, गिरण्या बंद पडल्या, आणि लाकडाच्या बदल्यात वॉशिंग्टनहून पैसे यायला लागले — कधी उशिरा, कधी अर्धे. यंदा आलेच नाहीत. म्हणजे पुन्हा तोच चौथा हिस्सा. म्हणजे, शेगडीजवळच्या माणसांच्या हिशेबात, रोंडाचा हात.

नाही, डिक्सीमुळे नाही. ट्रूडीमुळे. डिक्सीकडे जाण्याआधीच ट्रूडीचा फोन आला होता.

"काल नोटीस आली, कामावरून काढायची," धाकटी बहीण म्हणाली होती.

"दरवर्षीच येते की."

"येते. यंदा तिच्याबरोबर मुख्याध्यापकही आले. स्वतः. माझ्यासाठी कॉफी घेऊन." आणि ट्रूडी हसली होती. "कॉफी बघितली तेव्हाच कळलं मला."

"बघू. काहीतरी होईल," असं रोंडा घाईघाईनं म्हणाली, आणि पलीकडून ट्रूडी नुसतं "हं" म्हणाली.

त्या "हं"नं तिची पाठ सोडली नव्हती. ट्रूडी शाळेत गाणं शिकवायची. दोघींच्या घरांमध्ये एक कुंपण, आणि उन्हाळ्यात ट्रूडीची खिडकी उघडी असली की पियानोचा आवाज रोंडाच्या स्वयंपाकघरात यायचा. एखादी ओळ चुकायची, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा चुकायची. आई गिरणीत रात्रपाळीला जायची तेव्हा ह्या पोरीला रोंडानंच भरवलं होतं, निजवलं होतं, आणि चर्चमधला तो मोडका पियानो घरी आणायला गावातल्या चार बाप्यांच्या मागे तीच लागली होती... ट्रूडी गेली तर कुंपणापलीकडे कोण राहील? ती खिडकी बंद राहील. बस, एवढंच. शाळा, मुलं, वाचनालय हे सगळं नंतर.

दाणा सुटला. रोंडानं मान वर केली.

फरची दोन झाडं, एकमेकांना खेटून. नियमाप्रमाणे त्यातलं एकच ठेवायचं, कुठलं ते तिनं ठरवायचं. एक म्हातारं, कधीतरी विजेनं शेंडा उडालेलं, वर सुतारपक्ष्याची भोकं. पण खाली खोड असं की दोन माणसांच्या कवेत मावणार नाही, आणि एक गाठ नाही, म्हणजे लाकडाला दाम चांगला. दुसरं सडपातळ, सरळ, अजून काहीच न झालेलं. असं जोडपं समोर आलं की ती नेहमी म्हातारंच राखायची. त्याच्या पोकळीत काय काय राहतं हे तिनं पाहिलं होतं.

हात उठला. सडपातळ झाडावर नारिंगी पट्टा उमटला, ओला, चकचकीत.

किती सोपं होतं. कागदावर चूक काहीच नव्हती.

"बारीक ठेवलंस?" मागून एमेट आला. तो तिच्या जोडीनं जंगलाच्या शेजारच्या भागात काम करायचा.

"म्हाताऱ्याचा शेंडा मोडलाय."

"मोडलेलं म्हणूनच तर ठेवतेस तू नेहमी. मलाही तूच शिकवलंस." त्यानं कमरेचा दुसरा डबा हलवून दाखवला. "चुकून मारला असशील तर काळा आहे माझ्याकडे. झाकून टाकू."

"चुकून नाही मारला."

एमेट तिच्याकडे बघत राहिला. त्याची मुलगी ट्रूडीच्या वाद्यवृंदात ट्रॉम्बोन वाजवायची. घरात कानाला त्रास म्हणून तिला कोठारात पाठवतो असं तो सगळ्यांना अभिमानानं सांगत फिरायचा. त्यानं डबा परत कमरेला अडकवला. जेवणाच्या सुट्टीत दोघं एकाच ओंडक्यावर बसून आपापलं सँडविच खात राहिली, आणि एरवी तोंड बंद न ठेवणारा एमेट दरीकडे बघत होता. ते तिला जास्त लागलं. ओरडला असता तर बरं.

दुपारभर ती स्वतःशी भांडली. लिलाव कधी होणार, तोड कधी होणार, हिस्सा सगळ्या जिल्ह्यात वाटला जाणार... त्या एका झाडाच्या वाट्यातून पियानोची तारसुद्धा यायची नाही. हे तिला हात उठायच्या आधीही ठाऊक होतं. मग?

संध्याकाळी ती शाळेत गेली तेव्हा सराव संपला होता आणि ट्रूडी एकटीच व्यायामशाळेत खुर्च्या मिटत होती. रोंडानंही मिटायला घेतल्या.

"ट्रूडी, यंदा वर लाकूड बरंच निघेल. पुढच्या वर्षी कदाचित..."

"रोंडा, थांब. मी समुद्राकाठच्या शाळेला हो म्हटलंय."

"आज?"

"गेल्या आठवड्यात."

"म्हणजे नोटीस यायच्या आधी?"

"आधीच." ट्रूडीनं खुर्ची भिंतीला टेकवली. "कंटाळले गं. दर वसंतात मला काढतात, पानं गळायला लागली की परत घेतात, आणि मी दर वेळी थँक्यू म्हणते. एकदा तरी माझी मी जाऊ दे."

"सकाळी का नाही बोललीस?"

"बोलणारच होते. तू म्हणालीस, काहीतरी होईल. तुझा आवाज तेव्हा... लहानपणी ताप आला की तू असंच म्हणायचीस."

रोंडा पुढची खुर्ची मिटायला वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. बहिणीचा राग यायला हवा होता; तिनं वाट पाहिली, तो आला नाही. आलं ते वेगळंच. गेल्या आठवड्यातच ठरलं होतं, म्हणजे आज सकाळी ती ज्याच्यासाठी हात उचलत होती ते आधीच निघून गेलेलं होतं. आणि तरी हात उठला होता, अगदी हलका. उद्या काळा रंग घेऊन वर जाता येईल. एमेट एक शब्द विचारणार नाही. म्हाताऱ्याला पट्टा मारायचा, बारक्याचा झाकायचा, की झालं पहिल्यासारखं... पहिल्यासारखं? आता कुठल्याही झाडासमोर मान वर केली की शेंड्याच्या आधी ती स्वतःलाच बघणार होती. आणि कोण जाणे, मुलं तर इथेच राहणार होती, ती ट्रॉम्बोनवाली पोरगी, वरच्या वाडीची बस. त्यांच्यासाठी म्हणून ते तसंच राहू द्यावं, असंही एक मन आत्ताच बोलायला लागलं होतं, अगदी समंजस आवाजात. आणि त्या आवाजावर विश्वास ठेवावा की नाही, हे तिला ठरवता येईना.

"पाठ धरली का?" ट्रूडीनं विचारलं.

"नाही," रोंडा म्हणाली. "ही खुर्ची धर तू त्या बाजूनं."