कोणाच्या देखत विचारता?

मी काळपट काचेची एक चकती बोलतेय. मला पोलरायझर म्हणतात. एकाच कलाचा, म्हणजे एकाच दिशेत डोलणारा उजेड मी पलीकडे जाऊ देते, बाकीचा अडवते. जन्मभर अडवण्याचंच काम केल्यामुळे माझा स्वभाव संशयी झाला आहे.

अमरावतीच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेच्या कपाटात माझी वर्षं गेली. पोरं मला शर्टाला पुसत आणि डोळ्याला लावून एकमेकांना वेडावत. मोर्शीची आचल मात्र मला कडेने धरायची. तरी मी तिच्यावर लगेच विश्वास टाकला नाही.

यंदाच्या प्रदर्शनात तिने माझ्या दोन बहिणी एकीमागे एक लावल्या, एक उभी, एक आडवी. उजेड बंद झाला. मग मधे मला तिरकी घातली, तर उजेड आला. गर्दी ओसरल्यावर तिचे वडील आले. गोवर्धनजी, संत्र्याचे बागायतदार. ते टेबलाखाली वाकून बघू लागले.

"अडवणारी आणखी एक घातली, अन् उजेड आला? काहीतरी चलाखी हाय तुयी."

"नाही बाबा. उजेड उत्तर ठरवून घरून निघत नाही. कोणत्या प्रश्नासंगं कोणता प्रश्न विचारला, त्यावर ते ठरते."

पुस्तकात याला संदर्भबद्धता म्हणतात. तिचा पक्का दाखला मोठ्या यंत्रांवरच मिळतो, माझ्यात नुसती चुणूक. आचलने तेही सांगितलं. लपवलं नाही, म्हणून मला ती आवडू लागली.

गोवर्धनजी खुर्चीत बसले. "मंग परवा पावण्यांसमोर लग्नाले हो म्हटलं, अन् कॉलेजच्या सरांपाशी म्हणते पुढं शिकाचं. खोटं कोणापाशी बोलली?"

"कोणापाशीच नाही. पावण्यांच्या देखत आतून होच आलं. सरांपाशी दुसरं आलं. आधीपासून पोटात काहीच ठरलेलं नव्हतं."

आता हा माणूस ओरडणार, असं मला वाटलं. माणसांना दोन उत्तरं सोसत नाहीत. त्यातलं एक खोटं ठरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आता म्या विचारलं, तं तेही माह्या देखतच होईन ना?"

"हो बाबा."

"मंग मी बाहेर उभा राहतो. पावण्यांले आज कळवाचं हाय. ठरलं म्हंजे ये."

दार लोटून ते गेले. आचल बराच वेळ मला हातात धरून बसली. मग मला कपाटात ठेवून ती बाहेर गेली.

"बाबा, मले शिकाचं हाय."

"चाल. पावण्यांले मी सांगतो."

मी अजून त्याच कपाटात आहे. कधी मला बाहेर काढलंत, तर माझ्या उत्तरावर शंका घेण्याआधी सोबत काय काय मांडलंय ते बघा. आणि आचलच्या उत्तराबद्दल म्हणाल, तर माझा एक संशय अजून गेलेला नाही. बाप दाराबाहेर उभा राहिला, म्हणूनच ते आलं.