वगळलेले सांडणीस्वार

सात रस्त्याजवळच्या आपल्या दुकानात पंचाक्षरी आठवडाभर गिऱ्हाइकांना भिंतीचे रंग मिसळून द्यायचा आणि रविवारी दुकानाच्या माडीवर भरणाऱ्या क्लबात फौज मांडायचा. फौज बोटाच्या पेराएवढ्या माणसांची. ‘एम्बरफॉल’ नावाचा परदेशी खेळ होता तो. टेबलावर टेकड्या, ओढे, पडकी गावं मांडायची, दोन्हीकडून रंगवलेले सैनिक उतरवायचे, टेप लावून चाल मोजायची आणि फासे टाकून लढायचं. प्रत्येक फौजेचं पुस्तक वेगळं. कोण किती इंच धावणार, कुणाचं चिलखत कितपत टिकणार, सगळं त्यात. दर काही वर्षांनी कंपनी नियमांची नवी आवृत्ती काढायची आणि जुनी पुस्तकं बाद व्हायची.

पंचाक्षरीला या नादाला लावलं इंद्रजीतनं. तो मूळचा माळशिरसचा. दोघं कॉलेजात एका बाकावर बसायचे. आता इंद्रजीत इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवतो. दुसरी आवृत्ती चालू होती तेव्हा त्यानं पंचाक्षरीच्या हातात सांडणीस्वारांचं पुस्तक ठेवलं. उंटांवरची हलकी फौज. धडक मारायची, मागं सरकायचं, परत धडक मारायची. पंचाक्षरीचा त्या पुस्तकावर असा जीव जडला की पानं सुटून आली तरी तो ती दोऱ्यानं शिवून वापरायचा.

तिसऱ्या आवृत्तीनं मागं सरकायचा नियमच काढून टाकला. “आता ही फौज सोड,” असं माडीवरचे सगळे म्हणाले. त्यानं सोडली नाही. नवं पुस्तक मागवलं, वर्षभर हरत राहिला, आणि हरता हरता त्याला एक ओळ सापडली: उंटांच्या वासानं शत्रूचे घोडे बिथरतात. तेवढ्या ओळीवर त्यानं सगळी लढाई नव्यानं बसवली. पुण्याच्या स्पर्धेत त्यानं घोडदळवाल्यांना असं रडवलं, की परतताना इंद्रजीत पार कुर्डुवाडीपर्यंत हसत होता.

गेल्या दिवाळीत इंद्रजीतनं स्वतःजवळचे सांडणीस्वारही त्याला विकले. “मला वेळ होत नाही, पंचा. तुझ्याकडं राहिले तर खेळात तरी राहतील,” असं म्हणाला. पंचाक्षरीला भरून आलं. त्यानं त्या स्वारांचा जुना रंग उतरवला आणि उन्हाळा संपेपर्यंत एकेक नव्यानं रंगवला. पायाशी सांगोल्याच्या माळावरची माती चाळून चिकटवली. एकेक तुकडी पुरी झाली की तो इंद्रजीतला फोटो पाठवायचा. बायको शिवानी म्हणायची, “आपल्या लग्नाचे फोटो तरी एवढ्यांदा बघितलात का?”

पावसाळ्यात चौथी आवृत्ती जाहीर झाली. कंपनीनं खाली दोन ओळी लिहिल्या होत्या: सांडणीस्वारांचं पुस्तक यापुढं निघणार नाही, स्पर्धेत ही फौज चालणार नाही. माडीवर हात वर करून ठरलं, आता फक्त चौथी खेळायची. इंद्रजीतचा हात सगळ्यात आधी वर गेला. कंपनीनं केलं, आपल्या माणसांचा काय दोष, अशी पंचाक्षरीनं स्वतःची समजूत घातली.

नवे नियम समजावून द्यायला पुण्याहून भारत नावाचा एक खेळाडू आला. काचेच्या कपाटातले उंट बघून तो थबकला.

“केवढं काम केलंय हे. मी यांच्यासाठी लई भांडलो होतो. विचारा की सरांना.”

“कुठल्या सरांना?”

“इंद्रजीत सरांना. छापायच्या आधी कंपनी काही जणांना गुपचूप नवे नियम खेळून बघायला देते ना, त्यात आम्ही दोघं एकाच गटात होतो. गेल्या गणपतीतच कळलं होतं, ही फौज जाणार म्हणून.”

गणपती आधी येतात, दिवाळी नंतर. पंचाक्षरीला हिशोब लागायला वेळ लागला नाही. त्यानं इंद्रजीतला जिन्यात गाठलं.

“इंद्या, तुला माहीत होतं?”

इंद्रजीतनं वर भारतकडं बघितलं आणि काय झालं ते ओळखलं. “सही केली होती मी. कुणाला सांगायचं न्हाय म्हणून. त्यात वकिलांची भानगड असते.”

“न सांगायची सही केलीस. मला विकायची पण केली होतीस काय?”

इंद्रजीत जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवत राहिला.

“पुण्यात का न्हाय विकलेस?” पंचाक्षरीनं विचारलं.

“तिथं बऱ्याच जणांना कुणकुण लागली होती.”

“म्हणजे न कळलेला मीच एक उरलो होतो.”

“दोनदा ओठावर आलं होतं, पंचा. तुझे फोटो यायचे तेव्हा.”

“फोटोखाली ‘एक नंबर’ लिहायचास तू. दर वेळी.”

पंचाक्षरी खाली दुकानात जाऊन बसला. नियम बदलले याचं दुःख त्यानं आधी एकदा पचवलं होतं. हे घशाखाली उतरेना. वर फासे खडखडत होते, मध्येच इंद्रजीतचा आवाज येत होता, आणि त्या आवाजावर आजवर आपण किती सहज विश्वास ठेवला, याचीच त्याला लाज वाटत होती.

त्यानं कुणाला माडीवरून हाकललं नाही, पण रविवारी स्वतः वर जायचं सोडलं. माडीची किल्ली क्लबमधल्या अपेक्षाकडं दिली. ती बँकेत कामाला होती. क्लबची व्यवस्था तीच बघायची. इंद्रजीत एकदा दुकानात आला. “मी परत घेतो ते स्वार,” म्हणाला.

“रंग माझा हाय त्यांच्यावर,” पंचाक्षरी म्हणाला. “आता त्यांना हात लावायचा न्हाय.”

पुढं एका गुरुवारी अपेक्षानं तिसऱ्या आवृत्तीचं आपलं जुनं पुस्तक आणलं आणि विचारलं, “दादा, माझं घोडदळ पण धूळच खातंय. खेळायचं का?” त्याला नाही म्हणवेना. मग दर गुरुवारी संध्याकाळी दोघांचा डाव बसू लागला. स्पर्धा नाही, क्रमवारी नाही, नुसता डाव.

एकदा डाव ऐन रंगात असताना इंद्रजीत जिना चढून आला. टेबलाशी उभा राहिला. उंटांच्या वासानं बिथरून घोडे पळताना बघून त्याच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं.

“पुढचा डाव माझ्याशी खेळतोस?” त्यानं विचारलं.

“माझा गुरुवार अपेक्षाबरोबर ठरलेला असतो,” पंचाक्षरी मान वर न करता म्हणाला.

“मग दुसऱ्या कुठल्या वारी?”

पंचाक्षरीनं पुढच्या चालीसाठी उंट उचलला. इंद्रजीत जिना उतरून गेला. जिन्यावरची पावलं विरेपर्यंत पंचाक्षरीच्या हातातला उंट तसाच अधांतरी होता. मग त्यानं चाल मोजायला घेतली, टेप सरकला, आकडा चुकला.

“परत मोजा,” अपेक्षा म्हणाली. “मला घाई नाही.”