श्रीरंगरावांची दोरी

जिभेला काय, हाड नसतं! सत्त्याण्णव साली नोएडाच्या ऑफिसात हॅरिस नावाचे नवे इंग्रज साहेब आले. चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, "मासे पकडता का?" आणि आमचे श्रीरंगराव, गिरगावात वाढलेले सारस्वत, छाती फुगवून म्हणाले, "लहानपणापासून, सर!" अहो, यांनी आयुष्यात मासा पकडला तो ताटातला. तोही काटे मी काढून दिलेला.

साहेब खूश. ऑक्टोबरात हिमाचलच्या नदीवर ट्राउट मासे पकडायला आम्हा दोघांना आमंत्रण, वर सरावासाठी स्वतःची गळाची एक काठी. नेमकी तेव्हाच मॅनेजरची जागा रिकामी झाली होती. "खोटं उघडं पडलं तर मी संपलो, प्रभा," हे म्हणाले.

"मग तेव्हा अक्कल कुठे चरायला गेली होती?"

या गळाची तऱ्हाच वेगळी. टोकाला पिसांची नकली माशी, अगदी हलकी. ती जाते जाड दोरीच्या जोरावर. दोरी आधी डोक्यावरून मागे न्यायची, मग पुढे फेकायची. माशीऐवजी लोकरीचा गोंडा बांधून आमच्या सेक्टरच्या पार्कात सराव सुरू झाला. नेम धरायला माझी परात. दोरी कधी यांच्याच मानेला, कधी गुलमोहराला, एकदा तर शेजारच्या खन्ना आंटींच्या अंबाड्यात. "भाईसाहब, पतंग उड़ा रहे हो क्या?" लोक विचारायचे. मी बाकावर पालक निवडत लाजेने अर्धी.

पण बघता बघता माझ्या लक्षात आलं. दोरी मागे सरळ व्हायच्या आतच हे पुढे फेकत होते. कुकरची शिट्टी व्हायच्या आत पाटावर बसणारा माणूस, दुसरं काय करणार!

"अहो, दम धरा की जरा! दोरी मागे जाताना मी 'गणपती बाप्पा' म्हणते. तुम्ही 'मोरया' म्हणाल तेव्हा फेकायचं. त्याआधी हात हलवून दाखवा!"

बाप्पाचं नाव पुरं व्हायच्या आत मोरया म्हणायची कुणाची टाप आहे? दोरी मागे सुळकन सरळ झाली, पुढे गेली आणि गोंडा टप्पकन परातीत. दसऱ्यापर्यंत खन्ना आंटीसुद्धा आमच्याबरोबर "मोरया!" ओरडायला लागल्या.

नदीवर मात्र आरडाओरड करायची सोय नव्हती, मासे पळतात. हे ओठांतल्या ओठांत पुटपुटत पाण्यात उभे, मी काठावर देव पाण्यात घालून बसलेली. दोरी मागे पसरली, थांबली, आणि माशी पाण्यावर अलगद उतरली. मासा लागला नाही, पण साहेब बघतच राहिले.

"सुरेख! कोणी शिकवलं? वडिलांनी?"

नुसतं "हो" म्हटलं असतं तरी काम फत्ते. माझा जीव टांगणीला लागला.

यांनी काठी खाली केली. "नाही, सर. मी थाप मारली होती. महिन्याभरापूर्वीपर्यंत मी काठीला हातही लावला नव्हता. हिने शिकवलं."

मेलं, गप्प बसायचं तेव्हाच तोंड उघडायचं! असं मनात आलं खरं, पण ऊर असा भरून आला म्हणून सांगू! एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस मला इतका कधी आवडला नव्हता. जागा गेली खड्ड्यात.

साहेब हसले. मग म्हणाले, "ऑफिसात मला रोज थापा ऐकवतात, श्रीरंग. आपणहून कबूल करणारा तू पहिलाच. जागा तुझी." आणि स्वतःची काठी घेऊन थेट माझ्यासमोर उभे. "मॅडम, आता माझं काय चुकतं तेही सांगा."

हे साहेबांच्या पाठीमागून खुणा करत होते, सांभाळून, सांभाळून! पण साहेबांची दोरी मी सकाळपासून बघत होते, आणि मला काही राहवेना.

"सर, यू हरी टू मच," मी म्हटलं, पदर खोचला आणि साहेबांचं मनगट धरलं.