शुवाई दाराबाहेर बसली

शुवाई आमच्या आवारात राहायला आली, त्या दिवशी तिने सगळ्यांना शेंगदाण्याच्या कालवणाशी सादझा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, रांधून घातला. ती चिवीकडची, म्हणजे माझ्याच मुलखातली. सरहद्दीवरची नदी ओलांडून परक्या देशात, मुसिनाला आलेल्या आम्ही बायका एकमेकींना गाव तेवढं विचारतो, बाकीचं विचारावं लागत नाही. पुलापाशी मालट्रकांची रांग लागते, ड्रायव्हर अडकून पडतात आणि आमचा धंदा चालतो. शुवाईचा स्वभाव हसरा, पण निरोध नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ती सरळ दार दाखवायची. आम्ही साऱ्याच त्या बाबतीत सावध होतो. खोकल्याचं मात्र कुणाच्या मनात नव्हतं.

हिवाळ्यात तिला खोकला लागला. आधी आम्ही धुळीला बोल लावला, मग ट्रकच्या धुराला. पण तो हटेना. तिचे गाल बसले, झोपेत घामाने पांघरूण भिजायला लागलं आणि नेहमीची गिऱ्हाइकंही वाट बदलून जाऊ लागली. शेवटी ती एकटीच सरकारी दवाखान्यात गेली.

खिडकीपलीकडच्या बाईने ओळखपत्र मागितलं. ते तिच्याकडे नव्हतं. मग काम काय करतेस, असं विचारलं. दवाखान्यात खोटं बोलू नये अशा समजुतीने शुवाईने खरं सांगितलं. ती बाई ते सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने पुन्हा बोलली आणि वर म्हणाली, की तुमच्या देशात दवाखाने आहेत, तिकडे जा.

शुवाई परत आली आणि गाठोडं बांधायला लागली. तिची मुलगी मुफारो गावी आजीजवळ राहायची. निदान तिला बघून तरी मरते, असं ती म्हणत होती. तेव्हा आमच्या आवारातली लव्हनेस येऊन त्या गाठोड्यावरच बसली.

"पोरीला बघायला जातेस की खोकला द्यायला?"

"मग इथे मरू?"

"मरायचंच असेल तर औषध घेऊन मर. बाईने खटपट केली, एवढं तरी आम्हाला म्हणता येईल."

शुवाईला हसू आलं आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. गाठोडं तिथेच राहिलं.

लव्हनेस आमच्यात थोरली. आमचाच धंदा करणाऱ्या बायकांची सभा पोलोक्वानेला झाली, तिथे ती जाऊन आली होती. कागद नाहीत म्हणून आजाऱ्याला दारातून परत पाठवता येत नाही, हे ती तिथे ऐकून आली. अंग भाड्याने दिलं म्हणून माणूसपण भाड्याने जात नाही, हे तर ती चुलीपाशीसुद्धा ऐकवायची. आम्ही तिला वकीलबाई म्हणून चिडवायचो. त्या दिवशी मात्र कुणी चिडवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी जायचं ठरलं.

चर्चला जाताना घालतो ते चांगले कपडे आम्ही चढवले. खिडकीतल्या बाईने आम्हाला पाहून कपाळाला हात लावला. लव्हनेस बोलायला लागली आणि सुरुवातीला चांगलं बोललीही. पण आवाज चढला तशी रांगेतली माणसं कुरकुरायला लागली. हे परदेशी आमची औषधं संपवतात, असं कुणीतरी म्हणालं. एक बाई म्हणाली, आमचे नवरेही संपवतात. त्यावर लोक हसले. पुढच्याच बाकावर खांद्यावर रंगीत पट्ट्यांचं कापड गाठलेली तिथल्याच वेंडा जमातीची एक म्हातारी नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. ती सगळ्यांत जोरात हसली. मी लव्हनेसची बाही ओढून चल म्हणत होते.

इतका वेळ शुवाई भिंतीला टेकून उभी होती. तिला खोकला यायला लागला तशी तिने तोंडावर ओढणी दाबली आणि ती चालू लागली. मला वाटलं, हरली. पण ती फाटकाकडे गेली नाही. अंगणातल्या मोपानेच्या झाडाखाली वाऱ्याच्या तोंडी जाऊन बसली. मी मागोमाग गेले तर म्हणाली, "आत तान्ही मुलं आहेत गं सेकाई. मी इथेच बसते. ज्यांना मला तपासायचंय त्यांनी बाहेर यावं. पण मी घरी जाणार नाही."

तिचा आवाज अगदी बारीक होता, पण दार उघडं होतं आणि आतलं हसणं थांबलं होतं.

थोड्या वेळाने ती म्हातारी नातवाला शेजारणीकडे देऊन बाहेर आली. न्यादझानी तिचं नाव. तिने शुवाईकडे नीट निरखून पाहिलं.

"रात्री घाम येतो?"

"येतो, गोगो," शुवाई म्हणाली. आजीला आमच्याकडे गोगो म्हणतात.

"रक्त?"

शुवाईने मान हलवली. हो म्हणून. हे तिने आम्हालाही सांगितलं नव्हतं.

म्हातारी आत गेली. तिचं बोलणं आम्हाला बाहेर स्पष्ट ऐकू येत होतं. "माझा मुलगा खाणीतून हाच खोकला घेऊन आला. घरात शिरताना त्या खोकल्याने काही ओळखपत्र दाखवलं नाही. मुलाला पुरलं मी. ती बाई माझ्या नातवासाठी थंडीत बसलीय आणि मी मघाशी तिला हसले. आता आधी तिला बघा, मग मला."

रांगेतून आणखी दोघी-तिघी बोलल्या.

आवाज ऐकून आतल्या खोलीतून सिस्टर मुलालो बाहेर आली. खिडकीशी काय चाललंय याचा तिला पत्ताच नव्हता. तिने तोंडाला मास्क लावला, थुंकीची डबी घेतली आणि झाडाखाली येऊन शुवाईसमोर उकिडवी बसली. नाव विचारलं. धंद्यात शुवाई ग्लोरिया नाव सांगायची, तेच तिने सांगितलं. सिस्टर म्हणाली, "हे रस्त्यावरचं झालं. औषध ज्या नावाने द्यायचं ते सांग." तेव्हा शुवाईने आपलं पूर्ण नाव, आडनावासकट, सांगितलं आणि तिला रडू फुटलं.

क्षयच निघाला. गोळ्या दुसऱ्याच दिवशी सुरू झाल्या. आम्हा सगळ्यांचीही तपासणी झाली आणि एका मुलीला नुकतीच लागण झालेली वेळेत कळली. गोळ्यांनी शुवाईला मळमळायचं, ती चिडायची, एकदा तर तिने ताट भिरकावलं. आम्ही आळीपाळीने रांधत होतो, तीही कधी कधी चिडून. न्यादझानी गोगो मोपानेच्या झाडावरच्या, वाळवून खातात त्या अळ्या आणायची, शुवाईने खाल्ल्याशिवाय उठायची नाही आणि जाता जाता लग्न कर म्हणून बजावायची.

शुवाईच्या अंगावर मांस चढलं, तेव्हा मुसिनातल्या महिला मंडळाच्या बायका आवारात आल्या. इथे महिला दिन ऑगस्टमध्ये असतो, त्याच्या मोर्चात आमच्यासह चालायचं त्यांच्या मनात होतं. शिलाई मशीनही द्यायला त्या तयार होत्या. अट एकच, शुवाईने मंचावर उभं राहून आपण हे घाणेरडं आयुष्य सोडलं असं सांगायचं.

लव्हनेस उसळणार होती, पण शुवाईने तिला थांबवलं. ती मंडळाच्या बाईंना म्हणाली, "ताई, मशीन द्या, मी शिकेन. उद्या शिवणावर पोट भरलं तर धंदा सोडेनही. पण तो माझा निर्णय असेल. मी घाणीत होते म्हणून आजारी पडले नाही. मला दारातून परत पाठवलं म्हणून मरायला टेकले. मंचावर बोलू दिलंत तर हेच बोलेन."

बाई निघून गेल्या. मशीन आलं नाही. पण मोर्चाच्या आदल्या दिवशी त्यांचा निरोप आला, की या, आणि काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. शुवाई बोलली. ऐकताना काही बायका उठून गेल्या, पण बहुतेक बसून राहिल्या.

आता बुधवारी दुपारी सिस्टर मुलालो दवाखान्यातली एक खोली आमच्यासाठी उघडी ठेवते. खिडकीतली बाई अजून आमच्याकडे बघून नाक मुरडते, पण ओळखपत्र मागत नाही. पोलीस मागतात आणि आम्हाला पळावं लागतं, ते काही बदललेलं नाही. औषधं पुरी झाली, थुंकी स्वच्छ निघाली आणि शुवाई मुफारोला भेटायला गावी गेली. तिथे पोचल्यावर तिने मला फोन केला. मुलगी आधी ओळखेना, आजीच्या मागे लपली, आणि आता माझ्या कुशीतून हलायला तयार नाही, असं सांगत होती. मागून पोरीची अखंड बडबड चालू होती, त्यामुळे पुढचं मला नीट ऐकू आलं नाही.