चिखलाची भीती

मंगलाबाई नुकती जेवायला बसली होती, तेवढ्यात रुखमा दारात येऊन उभी राहिली. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, आणि भर रोवण्याच्या दिवसांत ही बाई दुपारची घरी! मंगलाबाईचा घास हातातच राहिला. सहा वर्षांपासून ती या गावची आशा कार्यकर्ती होती. आपल्या दारात लोक येतात ते काहीतरी बिघडल्यावरच, हे ती कधीच शिकून चुकली होती.

"मले बांधीतून काढून देल्लं, ताई," रुखमा म्हणाली. "उषाकाकू म्हनते, तुह्या पायाले चिखल्या हायेत, त्याचं रगत पान्यात उतरते. पान्यातून सगळ्याईले बिमारी होईन म्हनते."

बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोपं लावायचा रोवणा करताना दिवसदिवस चिखलात उभं राहून बायकांच्या पायाच्या बोटांमधली कातडी कुजते, त्या चिखल्या. पावसाळ्यात चिखल्या नाहीत अशी एक मजूर बाई या गावात दाखवा! पण रुखमाची गोष्ट वेगळी पडली. तिचा नवरा सेवकराम धान निघाला की दरवर्षी हैदराबादला इमारतीच्या कामावर जायचा. तिकडून आजार घेऊन आला, परारच्या साली गेला, आणि जाताना रुखमाच्या रक्तात एचआयव्ही ठेवून गेला. रुखमाच्या गोळ्या चालू होत्या, तब्येत चांगली होती, पोरगी खुशबू शाळेत जात होती. गोळ्या आणायला ती भंडाऱ्याला जाते, हे गावाला कोणी सांगितलं नव्हतं. गावाला सांगावं लागत नाही.

उषाबाई ही रोवणाऱ्या बायकांच्या टोळीची म्होरकी. तिने रोवण्यातून जिला काढलं, तिला पुढे निंदणाला कोणी बोलावत नाही आणि कापणीलाही नाही. म्हणजे रुखमाचं सालभराचं पोटच गेलं होतं.

"तू इचारलं नाही, कोन सांगतलं हे?"

"इचारलं ना." रुखमाने मान खाली घातली. "तुमचंच नाव सांगतलं. मंगलानंच त समाजमंदिरात म्हटलं होतं म्हने, रगतातून रगतात जाते."

मंगलाबाईने ताट बाजूला सरकवलं.

म्हटलं होतं, खरंच म्हटलं होतं. ती आशा झाली त्याच वर्षी हिवाळ्यात समाजमंदिरात एचआयव्हीबद्दल सभा झाली, तिच्यासाठी वरून चित्रांचा संच आला होता. सुई, न्हाव्याचं पातं, रक्ताची बाटली, गरोदर बाई, आणि शेवटचं चित्र नवरा-बायकोचं, नवऱ्याच्या हातात निरोधचं पाकीट. पण पुढच्या रांगेत सरपंच वासुदेवराव बसलेले, आणि त्यांच्या शेजारी खुद्द मंगलाबाईचे सासरे श्यामराव. सुनेने बोलावं तरी कसं? सुईचं आणि पात्याचं तिने घोळून घोळून सांगितलं आणि शेवटचं चित्र टेबलावर पालथं ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सून मर्यादेनं बोलली, असं वासुदेवराव म्हणाले. पुढे महिनाभर बिचारा नत्थू न्हावी प्रत्येक गिऱ्हाइकासमोर नवं पातं फोडून दाखवत होता. निरोधची पाकिटं मंगलाबाईने नंतर घरोघर दिली, पण चहापत्तीच्या पुडीसारखी, बाईच्या हातात कोंबून आणि काही न बोलता.

आता गावाला दोष तरी काय द्यायचा? जेवढं ऐकलं तेवढ्यावरून गावाने नीट विचार केला होता. रक्तातून रक्तात जातं, चिखल्यांतून रक्त येतं, आणि वरच्या बांधीचं पाणी खालच्या बांधीत उतरतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि त्या फाशीचा दोर मर्यादेनं वळला होता मंगलाबाईनेच.

तिला शीण आला होता. लसीच्या दिवशी पोरं गोळा करणं, बाळंतिणींना दवाखान्यात नेणं, याचा नाही. तेच ते शंभर वेळा सांगायचं आणि त्यातलं खरं तेवढं गिळायचं, याचा शीण होता. पडून राहावं असं वाटत होतं. पण रुखमा दारातच उभी होती, आत यायलाही कचरत होती.

"चाल," म्हणत मंगलाबाई उठली.

गावच्या बोडीखाली, तळ्याच्या पाण्यावरच्या बांधीत बायका गाणं म्हणत ओळीने वाकून धानाच्या रोपांचे पऱ्हे लावत होत्या. दोघींना धुऱ्यावरून, बांधावरून येताना पाहिलं आणि गाणं थांबलं.

"काकू, रुखमाले काहून काढलं?"

"तूच सांगतलं व बाई," उषाबाई वाकूनच म्हणाली. "आमचे पाय का लोखंडाचे हायेत?"

मंगलाबाईने चपला काढल्या आणि बांधीत उतरली. तिच्याही बोटांत चिखल्या होत्याच, पाणी लागताच झोंबलं. "चिखलातून नाही होत, काकू. पान्यातून नाही होत. मी तवा अर्धीच गोष्ट सांगतली."

"मंग बाकीची अर्धी कुठं ठेवली होती?"

"सासऱ्यासमोर सांगता आली नाही." तिने एक दम घेतला. "रुखमाले हे नवऱ्यापासून झालं. अंथरुनात झालं. अन् तुमाले-मले झालं त चिखलातून नाही, तसंच होईन. आपल्या गावचे मानसं सा-सा महिने बाहेर राहतेत. तिकडं कोन काय करते, कोनाले मालूम? म्हून ते पाकिटं देल्ली होती मी. ते वापराले होती, कोनाड्यात ठेवाले नाही."

बोलली एकदाची. तरुण तृप्ती फिसकन हसली, आणि हसता हसताच तिचं तोंड उतरलं. तिचा नवरा अंकुश लग्नानंतर पहिल्यांदाच गेल्या हिवाळ्यात हैदराबादला जाऊन आला होता. बाकीच्या बायका हातातल्या पऱ्ह्यांकडे पाहत राहिल्या.

उषाबाई कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाली. "तू आपल्या घरी वापरतेस का व?"

मंगलाबाईचा नवरा परसराम ट्रक चालवायचा. भंडाऱ्याजवळच्या शहापूरहून माल भरून निघाला की रायपूर, कधी त्याच्याही पलीकडे. शनिवारी घरी यायचा, तोही दर शनिवारी नाही. हे टोळीतल्या एकूण एक बाईला माहीत होतं.

हो म्हणावं, तर दिवस मावळायच्या आत सासूच्या कानावर जाणार की सून नवऱ्यावर संशय घेते. नाही म्हणावं, तर लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मग तिचं कोण ऐकणार आणि रुखमाला कोण परत घेणार? खोटं बोलणं तिला नवं नव्हतं. पण धुऱ्यावर रुखमा उभी होती, आणि तिच्यासमोर आणखी एक अर्धी गोष्ट सांगायची मंगलाबाईला लाज वाटली.

"नाही," ती म्हणाली. "हिंमत नाही होत, काकू. एकडाव समोर ठेवलं होतं पाकीट. तो म्हने, माह्यावर तुहा भरोसा नाही का? मंग उचललं अन् पेटीत ठेवून देल्लं."

कोणी हसलं नाही. उषाबाईसुद्धा नाही.

"खुशबूचा बाबाबी हेच म्हनला होता," रुखमा धुऱ्यावरून म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, रडवेलाही नव्हता. "ताईनं पाकीट देल्लं होतं, मी तेच्यासमोर ठेवलं. भरोसा नाही का म्हने. मले वाटलं, बाई, एवढा राबून येते, ठेवा भरोसा."

बांधीतलं पाणी पायांखाली हलत राहिलं.  ते पाकीट रुखमाच्या हातात कोंबून आपण पुढच्या घरी निघून गेलो होतो, हे मंगलाबाईला आठवलं. तेव्हा दोन शब्द बोललो असतो तर? 

उषाबाईने पदराने तोंड पुसलं. तिचा नवरा म्हातारा झाला होता, पण दोन पोरं बाहेर कामाला होती आणि घरात दोन सुना होत्या.

"आमाले का समजत नव्हतं का व, मंगला?" ती म्हणाली. "चिखलाचं भेव बरं असते. चिखलातून निघून घरी जाता येते."

मग तिने धुऱ्याकडे पाहिलं आणि रोजच्याच कडक आवाजात ओरडली, "रुखमा, उभी काय राहिली? पऱ्हे उचल. दिवस चालला."

रुखमा बांधीत उतरली. उषाबाईने तिला आपल्या शेजारी जागा केली. रुखमाच्या पलीकडची बाई मात्र हातभर सरकली, तिला कोणी काही म्हटलं नाही. ओळ पुन्हा वाकली. गाणं कोणी उचललं नाही.

मंगलाबाई धुऱ्यावर चढून पाय धूत होती. तृप्ती पऱ्हे घ्यायच्या निमित्ताने जवळ आली आणि मान न वळवता म्हणाली, "ताई, सांजच्याले घरी हायेत ना तुमी?"

"हावो. ये."

घरी ताट तसंच पडलं होतं, भातावर माशा बसल्या होत्या. मंगलाबाईने तो गाईला टाकला आणि पेटी उघडली. तृप्तीला द्यायची पाकिटं काढली. मग परसरामसमोर ठेवून उचललेलं, कोपऱ्यात सारलेलं ते जुनं पाकीटही काढलं, त्याची मुदत पाहिली. ती कधीच संपून गेली होती. तिने ते चुलीत टाकलं आणि नवं एक आपल्या उशीखाली ठेवलं. परसराम शनिवारी यायचा होता. भरोशाचं तो पुन्हा काढणारच होता. त्याला काय उत्तर द्यायचं ते तिला अजून सुचत नव्हतं, फक्त या वेळी पाकीट परत पेटीत जाणार नव्हतं.