मानाची सुई

"पाटलाले ताप भरला!" अशी आरोळी सकाळी सकाळी गावात फिरली, आणि चावडीपुढे सुई टोचून घ्यायला उभी राहिलेली रांग बघता बघता पांगली. सोजराबाईनं कपाळावर हात मारून घेतला. सरकारी नर्स म्हणून तिची उभी जवानी खेड्यापाड्यांत गेली होती. माणसं सुईला भितात, हे काय तिला नवं होतं? पण एवढ्या मोठ्या बाप्यानं एका तापापायी अख्खं गाव पळवून लावावं म्हणजे हद्द झाली!

साथ पटकीची होती. रेडिओवाला सांगे, ही पटकी समुद्रापलीकडून आली आहे, देशोदेशी माणसं मारत फिरते आहे. वडनेर भोलजीच्या बाजूला, नाल्यापलीकडच्या गावात ती पोचलीसुद्धा होती, आणि दोन्ही गावांच्या बाया एकाच डोहावर धुणी धूत होत्या. सुई लागायची तर आताच लागायला हवी होती. मागाहून टोचून काय उपयोग?

सोजराबाईची रीत ठरलेली. कुठल्याही गावात पहिली सुई पाटलाला. पोळ्याला जसा पाटलाचा बैल आधी, तशी ही मानाची सुई. पाटलानं दंड पुढे केला की गाव आपोआप मागे येतं. आणि दुसरी रीत म्हणजे, सुईनं ताप येतो हे आधी सांगायचं नाही. "आधी सांगतलं तर कुत्रं बी फिरकत नाई," असं ती हाताखालच्या कलाला बजावून ठेवायची.

कला इंगळे ही नवी नर्स. बौद्ध घरातली, नुकतीच शिकून आलेली, आणि सोजराबाईच्या मते नको तेवढे प्रश्न विचारणारी. "बाई, पाटलाले सांगून तं ठेवू, रात्री अंग ठणकन म्हणून," ती काल म्हणाली होती. "तू सुया उकळ!" सोजराबाई खेकसली होती. आल्यापासून पोरीला तेवढंच काम. स्टोव्ह पेटव, त्यावर गंज म्हणजे पातेलं चढवून सुया उकळ, कापसाचे बोळे कर. टोचू का म्हणून विचारलं की सोजराबाई म्हणायची, "हात कापते तुहा." हात काही थरथर कापत नव्हता. कोणाच्या ओसरीवर कोणाचा हात चालतो, हे सोजराबाईला पक्कं ठाऊक होतं. गावाशी तंटा नको म्हणून ती पोरीच्या हाताला नावं ठेवत होती, एवढंच.

तणतणत ती पाटलाच्या घरी गेली. भगवंतराव पाटील गोधडीत शिरून कण्हत पडले होते.

"बाई, मी काई पुढचा पोळा पाह्यत नाई आता!"

"अवो, सुईचा ताप आहे हा. उद्या उतरते."

पाटलांनी गोधडीतून तोंड बाहेर काढलं. "मंग काल काऊन नाई सांगतलं?"

सोजराबाईनं गोधडी त्यांच्या तोंडावर पुन्हा ओढून दिली. ती तशीच चावडीवर परतली.

तिथं लांब लांब दहा-पाच माणसं उभी होती. त्यांतून मंजुळाबाई लेकराला कडेवर घेऊन पुढे आली. तिची बहीण पलीकडच्या गावात परवाच पटकीनं गेली होती. डोळे रडून सुजलेले.

"बाई, मले याले टोचाचं हाय. पण मले एक सांगा. तुमी सोता घेतली का ही सुई?"

सोजराबाईनं घेतली नव्हती. साऱ्या तालुक्याला टोचायचं आणि आपलं उद्यावर ढकलायचं. आपणच तापात पडलो तर काम कोण करील? 'हाव' म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि तिची नजर कलाकडे गेली. पोरगी मान खाली घालून गंजातल्या पाण्याकडे बघत होती. अगं, वर बघ की! साधं खोटंसुद्धा या पोरीला धड झाकता येत नाही, सोजराबाई मनात चरफडली. पण आता खोटं बोलून उपयोग नव्हता. मंजुळाबाईही कलाकडेच बघत होती.

"नाई घेतली," सोजराबाई म्हणाली.

"वा व बाई!" जानराव कोतवाल पायरीवरून हसला. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!"

सोजराबाईचा असा संताप झाला! जानरावाचा, पाटलाचा, त्या पोरीचा, आणि सगळ्यांहून जास्त स्वतःचा. ती स्टुलावर दाणकन बसली आणि तिनं पोलक्याची बाही वर सारली.

"कला! ये इकडे. टोच मले."

"मी?"

"मंग काय पाटील येते का टोचाले? अन आयका रे समदे! ताप येईन. दंड सुजन. रातभर अंग ठणकन. मंग उतरून जाईन. पटकी झाली तं सकायचं माणूस संध्याकायी राह्यत नाई!"

जानराव पुटपुटला, "दुसरं कोणी नाई का टोचाले?"

"नाई. अन उद्या मी पडली का तुमाले बी हेच पोरगी टोचीन. ज्याले हिचा हात चालत नसन, त्यानं पटकीची वाट पाहाव!"

जानरावानं मान फिरवली. कला पुढे आली. "वाकडी धरू नको व," सोजराबाई गुरकावली, तोवर सुई आत जाऊन बाहेरही आली होती. कळलंसुद्धा नाही, आणि तेच तिला जास्त झोंबलं. इतके महिने हा हात आपण सुया उकळण्यात घालवला! मंजुळाबाईनं लेकराचा दंड उघडा केला.

दुसऱ्या दिवशी सोजराबाई चावडीतच खाटेवर तापानं फणफणत पडली होती. लोक येत, आधी तिला बघून जात, आणि बाई जिवंत आहे अशी खात्री पटली की कलापुढे रांगेला लागत. दुपारी भगवंतराव आले. ताप उतरलेला, सोबत म्हातारी आई रुखमाबाई. "मायले टोचाचं हाय," ते म्हणाले.

पाटलाची आई! सोजराबाई सवयीनं धडपडत उठली. "थांबा पाटील, मी टोचते." कलानं हातातली सिरिंज तिच्यापुढे धरली. सोजराबाईनं ती घेतली.

रुखमाबाईनं एकदा कलाकडे पाहिलं, एकदा सोजराबाईकडे.

"पडून राह्य व माय," म्हातारी म्हणाली. "हात कापून राह्यला तुहा."

आणि तिनं आपला सुरकुतलेला दंड कलापुढे केला.