पुष्पीची न्याहारी

कोल्हारला प्रवरेच्या वाळूत कारभारी मास्तर रोज सकाळी मुलांना आसनं शिकवत. नोकरी संपली होती, बायको वारली होती. ही सकाळची शाळा सुटली की दिवसभर मास्तरांशी बोलायला कुणी नसे. त्यांचा नियम एकच होता: उपाशीपोटी यायचं.

मग गुऱ्हाळं सुरू झाली. मुलं आईबापांबरोबर उसाच्या कामाला जाऊ लागली आणि एकेक करत गळाली. राहिली फक्त दगडाबाईची पुष्पावती.

त्या दिवशी पाय पसरून अंगठे धरायला ती वाकली आणि भडभडून ओकली. मास्तरांनी तिला पाण्याशी नेलं, चूळ भरायला लावली.

"काय खाल्लं होतंस?"

"काय न्हाई."

"मग ही दूध-भाकरी काय माशांनी खाल्ली होती?"

पुष्पी हसली आणि हसता हसता रडू लागली. "आई गुऱ्हाळावर जायच्या आधी खाऊ घालती. नको म्हनलं तर धपाटा देती. ती सांजच्याला येती, मास्तर. मंग मला कोन देनार?"

दगडाबाईचं काही चुकत नव्हतं. पण पोटाचंही चुकत नव्हतं.

"हे बघ," मास्तर म्हणाले, "दाणे टाकलेलं जातं कुणी उलटं करतं का? पोटाचं तसंच आहे. त्याचं दळण होईपर्यंत वाकायचं नाही."

"मंग मी यायचं न्हाई?"

मास्तरांनी वाळूकडे पाहिलं. मुलं रांगेत बसायची तिथे एक टिटवी चालत होती. एवढ्यातेवढ्यानं काही होत नाही, असं सांगून टाकणं सोपं होतं. पण पोरीचा चेहरा अजून पांढराफटक होता.

"यायचं," ते म्हणाले. "पण नुसतं बसायचं. गुडघे मोड, टाचांवर बस. याला वज्रासन म्हणतात. भरल्या पोटी हे एकच चालतं."

ती बसली. तिच्यासमोर मास्तरही तसेच बसले.

"किती येळ?"

"पोट हलकं होईस्तोवर."

"लई येळ लागंल."

"लागू दे."

पुष्पीनं टाचा सारख्या केल्या. मग म्हणाली, "मास्तर, तुमी खाल्लंय का?"

"नाही अजून."

"मंग तुमी कशापायी बसलाय?"

"पाठ ताठ ठेव," मास्तर म्हणाले.

ऊन वाळूवर चढत होतं. मास्तरांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. ते उठले नाहीत.